रिपोर्ट नॉर्मल, मी नाही

अर्धविराम

इथे फोरमवर लिहू की नको करत तीन दिवस गेले. आज बसलेच शेवटी.

गेल्या महिन्यात तपासण्या करून घेतल्या. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, ईसीजी. कारण एकच, वर्ष झालं, थकवा जात नाही. झोपून उठते तीच दमलेली. डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, "अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे. टेन्शन कमी घ्या, रोज चालत जा." बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. खरं सांगायचं तर काहीतरी निघायला हवं होतं असं वाटत होतं. लाजही वाटली स्वतःची. पण वाटलं ते वाटलं.

त्याच रात्रीची गोष्ट. पावणेबारा वाजलेले. वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मी या खोलीतून त्या खोलीत. सासूबाईंचे त्यांच्या कपाटात, मुलीचे तिच्या खुर्चीवर, कारण कपाटात जागा नाही आणि ते कपाट आवरणं माझ्याच यादीत आहे. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. पडद्यावर फटाके उडाले. "शाबास! आजचं उद्दिष्ट पूर्ण!" अकरा हजार पावलं. दिवसभराच्या वेठबिगारीला ते घड्याळ व्यायाम समजत होतं.

मग मीही हौसेने 'तब्येतीसाठी करायच्या गोष्टी' अशी यादी केली. चालणं, प्राणायाम, वजनं उचलणं, झोपण्याआधी तासभर फोन बंद, कृतज्ञतेची वही. बेरीज आली दोन तास दहा मिनिटं. म्हणजे थकवा घालवायला रोज दोन तासांचं जादा काम. वही दोन दिवस लिहिली. तिसऱ्या दिवशी राहिली, तर त्या अपराधी भावनेने रात्री दोनपर्यंत जागी.

मला विचारायचंय ते हे की निरोगी म्हणजे नक्की काय? कागदावर मी निरोगी आहे. सल्ले जरूर द्या, फक्त त्यांना लागणारा वेळ कुणाच्या खात्यातून काढायचा तेही लिहा.

कोरी_पाटी

घड्याळाचा किस्सा वाचून हसले आणि मग हसू आलं याचंच वाईट वाटलं. जिन्यातल्या रडण्याला +१. मी गाडीत रडते, काचा वर करून.

निवृत्त_स्टेथोस्कोप

तीस-एक वर्षं रुग्ण तपासले, म्हणून थोडं लांब लिहितो.

'सगळं नॉर्मल' म्हणजे 'जे जे तपासलं ते नॉर्मल'. तुमच्या यादीत फेरिटिन दिसत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाचं पाकीट, फेरिटिन म्हणजे लोहाची बँकेतली शिल्लक. शिल्लक संपत आली तरी पाकीट बरेच दिवस भरलेलं दिसतं. मासिक पाळी चालू असलेल्या बाईत हे फार आढळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढ व्यक्तीचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरतात. त्याहून थोडं वर असलेल्या, रक्तक्षय नसलेल्या पण सतत थकलेल्या बायकांवरही अभ्यास झालेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एकात १९८ जणी होत्या, सगळ्यांचं हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन ५० च्या खाली. १२ आठवड्यांत लोह घेणाऱ्यांचा थकवा त्यांच्या मोजपट्टीवर जवळपास ४८ टक्क्यांनी उतरला. दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला. हा दुसरा आकडा मी मुद्दाम सांगतोय. कुणीतरी विचारपूस केली, गोळी दिली, पुन्हा बोलावलं, यानेही माणसाला बरं वाटतं.

बी-१२ जीवनसत्त्वही बघा. झोपेत घोरता का, श्वास अडकतो का, घरच्यांना विचारा. बायका स्वतःहून हे सांगत नाहीत आणि आम्हीही त्यांना विचारायला विसरतो. चाळिशी उलटली असेल तर पाळी जाण्याआधीची काही वर्षं झोपेची वाट लावतात, तेही लक्षात घ्या.

आणि हे सगळ्याच जणींनी लक्षात ठेवा. नेहमीपेक्षा वेगळा, अचानक आलेला, अंथरूण घालतानाही धाप लावणारा थकवा असेल तर 'दगदग झाली' म्हणून सोडून देऊ नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ बायकांना २००३ च्या एका अभ्यासात विचारलं होतं, झटक्याआधीच्या काळात काय जाणवत होतं? सुमारे ७० टक्के जणींनी सांगितलं, कधी नव्हे असा थकवा. छातीत दुखणं सांगणाऱ्या त्या मानाने कमीच.

तिरकी_रेघ

सगळ्यांचा आदर ठेवून विचारते. आपल्या आज्या-पणज्यांनी याच्या दुप्पट कष्ट उपसले. त्यांना कुठे आला होता 'क्रॉनिक स्ट्रेस'? आपणच नाजूक झालोय की काय?

खिडकीपाशी

@तिरकी_रेघ, आला होता की. फक्त तेव्हा तो कमरेत राहायचा.

माझी आजी 'मी थकले' असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची कंबर धरली, अंग मोडून आलंय, हातापायातलं वारं गेलं, डोकं उठलंय. आठवून बघा, आपल्या भाषेत बाईच्या थकव्याला किती शब्द आहेत, आणि जवळजवळ सगळे शरीराच्या कुठल्या ना कुठल्या भागावर ढकललेले. कारण कंबर दुखली तर दहा मिनिटं आडवं व्हायची मुभा होती. मन दमलं म्हणून कोण पडू देणार? दुपारी डोक्याला घट्ट फडकं बांधून बसलेली आजी मला अजून दिसते. तेव्हा वाटायचं तिला डोकेदुखीचा आजार आहे. आता वाटतं ते फडकं म्हणजे दारावरची पाटी होती. आत्ता कुणी हाक मारू नका.

पेशीपुराण

यामागचं शरीरशास्त्र थोडक्यात लिहिते, विषय आवडीचा आहे.

'स्ट्रेस' हा शब्द आजच्या वैद्यकीय अर्थाने रुळवला हान्स सेल्ये या संशोधकांनी. १९३६ साली त्यांचं एक छोटंसं टिपण 'नेचर'मध्ये आलं होतं. उंदरांना थंडी, इजा, विष असं काहीही सोसायला लावलं तरी शरीराची प्रतिक्रिया ठरावीक साच्यात होते, हे त्यांचं निरीक्षण. आधी खडबडून जागं होणं, मग तग धरणं, मग गळून जाणं. यातली मधली पायरी फसवी. तग धरलेला असतो तेव्हा बाहेरून सगळं झकास दिसतं.

पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅक्एवन आणि एलियट स्टेलर यांनी 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' ही कल्पना मांडली. सोपं करून सांगायचं तर जुळवून घेण्याची झीज. संकट आलं की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि ते योग्यच आहे. संकट टळल्यावर खाली यायला हवं. पण 'टळलं' असं कधी होतच नसेल तर? मुलीची परीक्षा संपली की सासूबाईंची तपासणी, ती झाली की ऑफिसचं वर्षअखेर. रक्तदाब थोडा वर, कंबरेचा घेर थोडा वर, झोप थोडी कमी. प्रत्येक आकडा सीमारेषेच्या आत. सगळ्यांची बेरीज मात्र कोणत्याच रिपोर्टवर छापून येत नाही.

२००४ साली एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या गटाने ५८ आया तपासल्या. त्यातल्या ३९ जणींचं मूल दीर्घ आजारी होतं. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता त्यांच्या पेशींमधले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, सगळ्यात कमी ताणवाल्यांच्या तुलनेत निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या बाईसारखी झिजलेली निघाली. अभ्यास लहान आहे आणि एकीच्या टेलोमिअरवरून तिचं भविष्य सांगता येत नाही, तेव्हा घाबरून टेलोमिअर मोजून घेणाऱ्या किट मागवू नका. गंमत पुढे आहे. नुसतं मूल आजारी असणं पुरेसं नव्हतं. किती वर्षं सांभाळतेय आणि तिला स्वतःला ते किती जड वाटतंय, यावर झीज अवलंबून होती.

जाता जाता एक चीड येणारी गोष्ट. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी २००० साली दाखवून दिलं की १९९५ पूर्वीच्या ताणावरच्या प्रयोगांमध्ये बायकांचं प्रमाण साधारण १७ टक्के होतं. संकट आलं की 'लढा किंवा पळा' हा जो नियम आपण पाठ केला तो बराचसा पुरुषांवरून ठरलेला. बाई कडेवर मूल घेऊन पळणार कुठे?

आणि हो, कुणी 'अ‍ॅड्रिनल (ही संप्रेरकं बनवणारी ग्रंथी) थकलंय' म्हणून महागडे डबे विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. असा आजार अंतःस्रावतज्ज्ञ मानत नाहीत.

घरचाच_माणूस

धागा बायकोने पाठवला. नुसता दुवा, वर एक शब्द नाही, म्हणजे गंभीर आहे.

माझी बाजू मांडतो, मारू नका. मी घरात मदत करतो. सांगितलेलं कुठलंही काम टाळत नाही. पण ती सांगतच नाही, आणि मग एक दिवस भडका उडतो.

अर्धविराम

@घरचाच_माणूस, आलात आणि लिहिलंत, त्याबद्दल खरंच बरं वाटलं. आता रागावू नका.

'सांगितलं की करतो' यातलं 'सांगणं' हेच ते काम. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणणं पंधरा मिनिटांचं. पण पाकिटात चारच उरल्यात हे दिसणं, रविवारी दुकान बंद असतं हे आठवणं, चिठ्ठीची मुदत बघणं, कुणाला सांगू याचा विचार करणं, सांगणं, आणली का हे विचारणं, आणि विचारलं म्हणून 'कटकट करतेस' हे ऐकणं. तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं आली. बाकीचं माझ्या डोक्यात आठवडाभर चालू होतं, ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा. कुठलंही घड्याळ ते मोजत नाही.

आकडेमोड

मोजणारे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनपगारी सांभाळाच्या कामाचे ७६.२ टक्के तास बायका करतात. दिवसाला ४ तास २५ मिनिटं. पुरुष १ तास २३ मिनिटं. आणि अर्धविरामने लिहिलेलं आठवत राहण्याचं काम अशा मोजणीत फारसं येतच नाही, ते तर दुसरं काही करत असतानाच होतं.

याहून मजेशीर सांगते. 'बर्नआउट'चा उल्लेख जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आहे. आजार म्हणून नाही, नोकरी-व्यवसायाशी जोडलेली अवस्था म्हणून. आणि तिथेच स्पष्ट लिहिलंय की आयुष्यातल्या इतर क्षेत्रांतल्या अनुभवांना हा शब्द लावू नये. म्हणजे पगार घेऊन दमलात तर बर्नआउट. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करून दमलात तर? काही नाही. स्वभाव.

पाऊलखुणा

थोडं विषयांतर, घड्याळावरून आठवलं. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. नाव छान होतं, चिकटलं. नंतर २०१९ मध्ये सरासरी ७२ वय असलेल्या १६ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आला. त्यात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी होता, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. तेव्हा अर्धविराम, तुमच्या अकरा हजारातली निदान साडेतीन हजार घरातल्या कुणालाही देऊन टाका.

तिरकी_रेघ

@खिडकीपाशी, फडक्याचं वाचून गप्प बसले. माझी आई दुपारी बाम लावून बसायची. शब्द मागे घेते.

पण मूळ प्रश्न राहिलाच ना? निरोगी म्हणजे काय?

पेशीपुराण

व्याख्या हवीच असेल तर दोन गाजलेल्या आहेत. पहिली जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली. १९४६ मध्ये संमत झाली, ७ एप्रिल १९४८ पासून लागू. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा वा दुबळेपणाचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. थोर वाक्य आहे. फक्त त्या 'संपूर्ण'मुळे आपण सगळ्याच कायमच्या नापास.

म्हणून २०११ मध्ये माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दुसरी सुचवली. शारीरिक, भावनिक, सामाजिक आव्हानांना तोंड देताना जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. मला ही जास्त पटते. मधुमेही माणूसही यात निरोगी असू शकतो.

अर्धविराम

मला पहिल्यांदा वाचताना पटली आणि दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा आला. जुळवून घेण्याची क्षमता? ती तर आमच्यात ठासून भरलीय! जुळवून घे हे ऐकतच मोठ्या झालो. या व्याख्येने मी आख्ख्या गल्लीत सगळ्यात निरोगी. बाराही महिने, कुठल्याही वेळी, कुणाशीही जुळवून घेते. तुम्हीच वर लिहिलंत की झीज जुळवून घेण्याचीच होते.

माझ्या मते बघायला हवं ते हे की जुळवून घेऊन झाल्यावर काही उरतं का. डॉक्टरसाहेबांनी लोहाचं सांगितलं तसंच. दिवस संपताना माझ्यापाशी शिल्लक काय? कुणी अचानक आजारी पडलं, तर तेवढं करायला अंगात आहे, की उद्याच्या खात्यातून उचल घ्यायची? गेली तीन-चार वर्षं मी उचलीवर चाललेय. तरी घर नीट चाललंय, ऑफिसात बढती मिळाली, म्हणून कुणाला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

सांधेमोड

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मला नऊ वर्षांपासून संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. माझे रिपोर्ट कधीच नॉर्मल येत नाहीत.

तरी तुमचा धागा वाचून वाटलं, मी अर्धविरामपेक्षा बरी आहे.

निदान झालं तेव्हा आमच्या डॉक्टर बाईंनी नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवून सांगितलं, दुपारी एक तास हिला कुणी उठवायचं नाही, हा औषधाचाच भाग समजा. नऊ वर्षांत तो तास मोडलेला नाही. त्या तासात मी झोपतेच असं नाही. कधी नुसती छताकडे बघत पडते. मुलगा बाहेरून मित्राला फोनवर सांगतो, "थांब, आईचा तास चालू आहे." कुणाला त्यात वावगं वाटत नाही, मलाही नाही. आजाराच्या आधीची चौदा वर्षं मी एकदाही दुपारी आडवी झाले नव्हते. कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. पण कुणी मंजूरही केलं नव्हतं, आणि मंजुरी लागते हेही मला माहीत नव्हतं.

आजार बरा असं म्हणत नाहीये. सकाळी बोटं मिटत नाहीत तेव्हा रडू येतं. पण रजा मंजूर करून दिली ती त्यानेच.

कोरी_पाटी

'आईचा तास चालू आहे' हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलंय.

घरचाच_माणूस

दोन आठवड्यांनी परत आलोय. अर्धविराम यांचं गोळ्यांचं वाचून ठरवलं, आईची औषधं पूर्ण माझ्याकडे. आठवणं, आणणं, संपायला आली हे बघणं, सगळं. बायकोला म्हटलं, तू विचारायचंसुद्धा नाही.

तिने नाही विचारलं. दुसऱ्याच रविवारी सकाळी पाकीट रिकामं. गाडी काढून पाच दुकानं फिरलो, सहावं उघडं मिळालं. घरी आलो तर बायको शांतपणे पेपर वाचत होती. तिला शुक्रवारीच दिसलं होतं म्हणे. "मग बोलली का नाहीस?" हे ओठांवर आलं होतं. गिळलं. आता फोनमध्ये गजर लावलाय, दर गुरुवारी. एका औषधाचं हे. असे बावीस विषय तिच्या डोक्यात आहेत, मोजून घेतले परवा.

खिडकीपाशी

गिळलंत ते फार छान केलंत.

अर्धविराम

महिन्याने लिहितेय. @निवृत्त_स्टेथोस्कोप, तुमचं ऐकलं. फेरिटिन ११ निघालं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, दिवसाआड घ्यायला सांगितल्यात. फरक पडतोय का? किंचित. जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही.

पण सांगायचंय ते वेगळंच. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आनंद झाला. चक्क आनंद. ११! पुरावा! मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवसापासून घरात माझी वट वाढलीय. मुलगी स्वतःचे कपडे स्वतः उचलते. नवरा रात्रीचं आवरून घेतो, न सांगता. सासूबाई तर दुपारी मला हाताला धरून झोपायला नेतात, "तुझं ते कमी झालंय ना" म्हणत. त्यांना फेरिटिन हा शब्द येत नाही. पण 'ते' कमी झालंय एवढं पुरतं.

दोन दिवस छान वाटलं, तिसऱ्या दिवशी संताप आला. वर्षभर तोंडाने सांगत होते तेव्हा ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि एका दोन आकडी संख्येने घर हललं. मीसुद्धा त्यातलीच म्हणा. मलाही माझं खरं वाटलं ते आकडा बघूनच.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. आकडा चढला तर मला बरं वाटायला हवं, पण आतून थोडी धास्ती आहे. फेरिटिन साठ झाल्यावर दुपारची झोप राहील का?

सांधेमोड

रिपोर्ट घरी दाखवू नकोस.